एका दिवशी एकच गोष्ट

“नदी नाही गं वाढली, कोळी वाढलाय!” अण्णा जॅकवेलच्या कठड्यावरून ओरडले. “सेन्सरच्या तोंडातच जाळं विणलंय बघ.”

मी पडवीत मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले होते. पडद्यावर कृष्णेचं पाणी भर मे महिन्यात दहा फूट चढलेलं दिसत होतं, आणि समोर नदी वाळूत पाय पसरून निजल्यासारखी पडली होती.

“काढू नका, मी येते,” मी म्हणाले.

“तू बस तिथंच. आकडा सांग.” त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, जुन्या टूथब्रशनं जाळं काढलं आणि कोळ्याला कागदावर घेऊन कठड्यापलीकडे सोडलं. “आता?”

“खाली आला. बरोबर वाटतोय.”

“वाटतोय नको. टेप सोडतो, मोजून बघू.”

आमचं घर घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीतलं शेवटचं. मागच्या काठावर एका बंद पडलेल्या पाणी योजनेची जॅकवेल आहे, म्हणजे नदीचं पाणी आत घेणारी गोल, खोल विहीर. मोठा पूर येऊन गेल्यावर अण्णांनी तिच्या तोंडाशी पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर उलटा टांगला. तिथून वायर आमच्या पडवीत यायची आणि आईच्या मसाल्याच्या डब्यात शिरायची. त्या डब्यात पत्त्यांच्या कॅटाएवढा, एकाच पट्टीवर सगळं बसवलेला कॉम्प्युटर होता. झाकणाला अण्णांनी दोन भोकं पाडली होती, एकातून तांबडा दिवा दिसायचा, दुसऱ्यातून हिरवा. रोज संध्याकाळी, आणि पाणी चढायला लागलं की मध्येही, डबा गल्लीतल्या आणि पलीकडच्या काठावरच्या लोकांना मेसेज पाठवायचा. मजकूर अण्णांचाच: ‘कृष्णामाई इतके फूट. वाढ आहे. मोटरी वर घ्या. – भा. सुतार.’ वाढ नसली तर ‘काळजी नको’.

पलीकडच्या काठावर उसाला पाणी देणाऱ्या मोटरी नदीतच बसवलेल्या असतात. पाणी चढलं की त्या ओढून वर घ्याव्या लागतात. उशीर झाला तर मोटर बुडते, जळते, आणि कधी कधी ती काढायला उतरलेला माणूसही जातो. मोठ्या पुरात असा एक माणूस गेला होता. अण्णांच्या ओळखीचा. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. त्यांनी डबा केला.

अण्णा साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर ते कॉम्प्युटर शिकले, माझ्याकडून फोनवर आणि माझ्याशी भांडून. मी पुण्यात एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते.

सेन्सर पुसून झाल्यावर ते पडवीत आले. डब्याच्या झाकणावर त्यांनी तळहात टेकवला. कारखान्यात कुठलंही यंत्र थांबवण्याआधी ते असंच करत. मग पिन काढली, थोडं थांबले, परत लावली. तांबडा दिवा लागला, आणि जरा वेळानं हिरवा लुकलुकू लागला.

“उठला,” अण्णा म्हणाले. “बघ, तारीख-वेळ काय दाखवतोय चालू झाल्याची?”

मी ती ओळ वाचून दाखवली. रविवार, दुपार.

“मग आता लगेच नवा कर्नल टाकूया का?” मी विचारलं. “मी आलेच आहे तर.”

“कसला कर्नल?” शालनआत्या आतून म्हणाली. ही अण्णांची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून आमच्याकडेच असायची. “मिलिटरीतला?”

“कॉम्प्युटरच्या आतला मुकादम म्हण,” अण्णा म्हणाले. “ऊसतोडीला टोळी येते तिचा मुकादम. त्याला टोळीची भाषा कळते आणि कारखान्याचीही. आपला मुकादम जुना झालाय. पुढच्या महिन्यात मोबाईलवाले जुनं नेटवर्क बंद करणार आहेत. मेसेज जायला नवा डोंगल लागणार, आणि ह्या मुकादमाला नवा डोंगल ओळखता येत नाही. मग मुकादम बदलायचा.”

“आणि जुना कुठं जाणार?”

“जुना राहू द्यायचा बाजूला बसून. नवा एक हंगाम नीट चालला की मगच त्याला नारळ द्यायचा.”

“कारखाना तुझ्या हातात असता ना भालूदादा, तर बरीच माणसं कामावर टिकली असती,” आत्या म्हणाली.

“मग टाकायचा ना?” मी म्हणाले. “वीस मिनिटांचं काम आहे, अण्णा. मी दर महिन्याला शंभर मशीनवर करते.”

“उद्या.”

“आज का नको?”

“आज सेन्सर पुसलाय. एका दिवशी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि बिघडलं, तर कुणामुळं बिघडलं ते कसं कळणार?”

“अहो, जाळं काढलंय फक्त.”

“जाळं काढणं हाही बदलच.” त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. “तुमच्या कंपनीत शंभर मशीन आहेत. इथं एकच आहे.”

जेवायला आत्यानं आंब्याचा रस आणि कुरडया केल्या होत्या. अण्णांनी मधुमेहाचं निमित्त करून एक वाटी रस नाकारला आणि आत्या पाण्याला गेल्यावर माझ्या वाटीतला अर्धा ओतून घेतला.

संध्याकाळी मेसेज गेला: काळजी नको. लगेच त्यांचा मोबाईल वाजला. पलीकडच्या काठावरचे नेमगोंडा आप्पा. मेसेज आला की त्यांचा फोन यायचाच. दोघांची भेट किती वर्षांत झाली नव्हती कोण जाणे, पण मध्ये नदी ठेवून रोजचं बोलणं चालू होतं. अण्णा फोन स्पीकरवर टाकायचे.

“काय ओ अण्णा, काल दहा फूट, आज काळजी नको? भर उन्हात मोटर वडून काडली की मी! गडी हसायल्यात मला.”

“कोळ्यानं फसवलं, आप्पा.”

“कोळ्यानं? नावाड्यानं?”

“अहो, जाळंवाला कोळी!”

“मग आता त्येला बी मेसेज पाठवा, म्हनावं काळजी नको,” आप्पा म्हणाले, आणि दोघं खोकला येईपर्यंत हसले.

झोपताना अण्णांनी नव्या डोंगलची पेटी डब्याशेजारी ठेवली. “सकाळी चहा झाला की बसू,” ते म्हणाले.

सकाळी चहा झाला. ते उठले नाहीत.

डॉक्टर झोपेत हृदय बंद पडल्याचं म्हणाले. मग घर माणसांनी भरलं. आत्यानं डॉक्टरांना, गल्लीला, भटजींना सांगितलं. माझा चुलतभाऊ विनायक मिरजेहून आला आणि त्यानं बाकीचे सगळे फोन केले. मी चहा केला. आलेल्या प्रत्येकाला विचारून, साखरेचा, बिनसाखरेचा. ऑफिसला मी लिहिलं की घरी अडचण आहे, काही आठवडे इथूनच काम करेन. अण्णांचा मोबाईल तीन-चार वेळा वाजला आणि बॅटरी संपून गप्प झाला. तो मी कपाटात ठेवला.

ते झोपायचे त्या जागी आत्यानं दिवा लावला. तेरा दिवस तो शांत होऊ द्यायचा नसतो. आत्या मध्येच उठून तेल घालायची, वात सारायची, दारं लावून घ्यायची. तेराव्याला तिनं त्याला नमस्कार केला आणि निरोप दिला. जागा पुसली, पलंग परत सरकवला. मी तिला पलंग धरू लागले.

पडवीतला डबा चालूच होता. संध्याकाळी मेसेज जात होते. काळजी नको, भा. सुतार. काळजी नको, भा. सुतार.

दिवसातून एकदा मी त्यात डोकावायचे. एक छोटी आज्ञा दिली की यंत्र शेवटचं कधी चालू झालं ते दाखवतं. तो रविवार, ती दुपार. मी ओळ वाचायचे आणि लॅपटॉप मिटायचे.

जूनमध्ये जुनं नेटवर्क बंद झालं. डबा मोजत राहिला, पण मेसेज जाईनात. नव्या डोंगलची पेटी होती तिथंच होती. गॅसवाला सिलिंडर घेऊन आला आणि म्हणाला, “अण्णा दिसत नाहीत?” मी म्हणाले, “बाहेर आहेत.” आत्या आतून बघत होती.

जुलैत धरणाचं पाणी सोडायला सुरुवात झाली. नदीचा रंग बदलला. गल्लीतली माणसं संध्याकाळी घाटावर उभी राहून पायऱ्या मोजू लागली.

एका सकाळी, आभाळ खाली आलेलं असताना, आत्या मेथी निवडत पडवीत बसली आणि म्हणाली, “तो कर्नल कधी बदलणार आहेस?”

“आता नाही जमायचं. अण्णांचाच नियम आहे. हंगामात यंत्र थांबवायचं नाही. जे करायचं ते बंद हंगामात. पावसाळा म्हणजे ह्या डब्याचा हंगाम.”

“असं?”

“दिवाळीनंतर बघू.”

आत्यानं एक जुडी सोडली. “कारखान्यात एकदा हंगामात पट्टा तुटला होता. भालूदादा रात्रपाळी करून आला होता, परत गेला. यंत्र थांबवलं आणि जोडून आला. नियम चालत्या यंत्राचा असतो गं. हा तुझा डबा चालतोय का?”

“मोजतोय ना.”

“कुणाला सांगतोय?”

मी डब्याची वायर उगाच सरळ केली.

“नेमगोंडाची मोटर नदीत आहे,” ती म्हणाली. “आणि मोटर काढायला तो स्वतः उतरतो, गड्यांना पाठवत नाही. भालूदादा त्याच्यावर ओरडायचा त्याबद्दल.”

“बंद करायला लागेल, आत्या,” मी म्हणाले. “नवा कर्नल नुसता टाकून चालत नाही. बंद करून चालू करायला लागतं.”

“मग?”

“त्यांनी चालू केलाय तो.”

तिचे हात थांबले. तिनं डब्याकडे बघितलं. झाकणाच्या भोकातला हिरवा दिवा लुकलुकत होता. मग ती मेथीची काडी मोडत म्हणाली, “आणि मी लावलेला दिवा? तो काय मला शांत करवत होता?”

मी लॅपटॉप आणला.

नवा कर्नल उतरवून घ्यायला फार वेळ लागला नाही. जुना मी बाजूला ठेवला, अण्णांच्या पद्धतीनं. नवा उभाच राहिला नाही तर जुन्यावर परत येता आलं असतं. डब्यातल्या सगळ्या मेमरी कार्डाची नक्कलही करून ठेवली. ऑफिसात मी हे सगळं कानाला फोन लावून, दुसऱ्या हातानं डबा खात करते. इथं प्रत्येक ओळ लिहिल्यावर ती परत वाचत होते. शेवटी बंद करून चालू करण्याची आज्ञा उरली. ती लिहिली आणि बोट एंटरवर नेलं.

“थांब,” आत्या म्हणाली. पदराला हात पुसत ती उठली, डब्यापाशी आली, झाकणावर तळहात टेकवला. “तू पण लाव.”

मी लावला. झाकण कोमट होतं. आतून मोहरीचा वास अजून येत होता. वीस वर्षं आईनं त्यात मोहरी ठेवली होती आणि तीही जाऊन आता बरीच वर्षं झाली होती.

मी एंटर दाबलं.

हिरव्या दिव्याची दोन-चारदा भराभर उघडझाप झाली आणि तो गेला. तांबडा एकटाच राहिला. नुसत्या तांबड्याचा अर्थ एवढाच की वीज आहे. आत कुणी आहे का, ते त्यावरून कळत नाही. घाटाकडून पाण्याचा आवाज येत होता. आत्यानं माझा खांदा धरला होता, आणि तिची बोटं रुतत होती.

हिरवा लागला.

“उठला,” आत्या म्हणाली.

मी लॅपटॉपवरून डब्यात शिरले. यंत्र कधी चालू झालं ते विचारणारी आज्ञा द्यायचं मी टाळलं. आता तिथं आजची तारीख असणार होती. पेटीतून काढून खोचलेला नवा डोंगल नव्या मुकादमानं ओळखला, नेटवर्क धरलं. पण सेन्सरच्या जागी काहीच येईना. पाणी किती, तर काही नाही.

“काय झालं?”

“सेन्सर ह्याच्या ओळखीचा नाही. अण्णांनी त्याच्यासाठी मधला एक प्रोग्राम स्वतः बसवला होता. तो जुन्या कर्नलच्या मापाचा आहे.”

“मग आता?”

“त्याला परत माप घेऊन बसवायचा.”

अण्णांनी तो प्रोग्राम कुणाचा तरी उतरवून घेतला होता आणि मग सुतारासारखा तासून आपल्या सेन्सरला बसवला होता. मी तो उघडला. नव्या कर्नलच्या मापानं पुन्हा बांधून बघितला. तक्रार आली. मधल्या काळात कर्नलमधल्या एका फंक्शनचं नाव बदललं होतं, ते एका ओळीत बसत नव्हतं. मी ती ओळ शोधली. तिच्या डोक्यावर अण्णांनी टीप लिहून ठेवली होती:

‘येथे हात लावू नये. लावलाच तर आधी मला विचारावे. – भा.’

ही टीप माझ्यासाठीच होती. त्या प्रोग्रामला हात लावणारं जगात दुसरं कोणी नव्हतं. ह्या ओळीवरून आमचं तासभर भांडण झालं होतं, फोनवर. मी म्हणत होते की ती काढून टाका, अण्णा म्हणत होते की राहू दे.

“काय लिहिलंय?” आत्यानं विचारलं.

“काही नाही. ‘हात लावू नये.’”

“मग लाव,” आत्या म्हणाली. “त्याला काय, सगळ्यावर तेच लिहायची सवय होती. लोणच्याच्या बरणीवर पण लिहिलेलं.”

मी नाव बदललं. टीप तशीच ठेवली. पुन्हा बांधलं. ह्या वेळी तक्रार आली नाही. प्रोग्राम आत घातला आणि पाण्याची पातळी विचारली.

आकडा आला. मी तो दोनदा वाचला, मग उठून जॅकवेलपाशी गेले, अण्णांची टेप खाली सोडली आणि भिजलेल्या खुणेवर अंगठा ठेवून वर काढली. आकडा खरा होता. नदी खरोखरच चढली होती, आणि आम्ही आत बसलो होतो तेवढ्यातही ती चढतच होती.

“लवकर पाठव,” आत्या म्हणाली.

मेसेजचा मजकूर माझ्यासमोर होता. खाली नाव होतं. मी कर्सर नावापाशी नेला. पण आज कर्नल बदलला होता, आणि एका दिवशी एकच गोष्ट बदलायची. कर्सर मागे आणला.

मेसेज पोचतोय की नाही ते बघायला यादीतला एखादा फोन हाताशी हवा होता. यादीत पहिला नंबर अण्णांचाच. मी कपाटातून त्यांचा मोबाईल काढला, चार्जरला लावला, आणि तो जागा होईपर्यंत हातात धरून बसले. मग मेसेज सोडला.

फोन माझ्या हातात थरथरला. ‘कृष्णामाई २४ फूट. वाढ आहे. मोटरी वर घ्या. – भा. सुतार.’

“आला!” आत्या म्हणाली. समोरच्या घरातूनही मोबाईल वाजल्याचा आवाज आला, मग त्याच्या पलीकडच्या. गल्लीत कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, “अरे, डबा चालू झाला!”

आत्या डोळ्यांना पदर लावून आत गेली. मी पडवीतच बसले. बाकी घरांना, कचेऱ्यांना, कुणाकुणाला काय सांगायचं ते सगळं इतरांनी सांगितलं होतं. श्रद्धांजलीच्या फलकावरचा मजकूर विनायकनं लिहिला होता. मला कुणी विचारलंच तर मी मान हलवायचे.

अर्ध्या तासानं हातातला फोन वाजला. पडद्यावर नाव होतं: नेमगोंडा आप्पा, पलीकडे.

मी तो वाजू दिला. थांबला आणि परत वाजला.

“हॅलो,” मी म्हणाले.

“अण्णा?”

“मी शर्वरी बोलतेय, आप्पा. मुलगी.”

“शरू व्हय! कवा आलीस गं? बरं झालं बाई, आला एकदाचा मेसेज. म्हैनाभर बगतोय, मेसेज न्हाई. फोन तर त्याच्या आदीपास्नंच लागंना. जिवाला नुसता घोर. म्हटलं अण्णा आजारी हायत का काय. जूनपत्तुर तर रोज यायलता की. काळजी नको, काळजी नको. म्हटलं, अण्णा हायत तवर आपल्याला काळजी न्हाई.”

“तुमची मोटर, आप्पा?”

“मेसेज बगितला आन् लगेच गडी लावल्यात. दोर बांदून. सोताला उतरायचं न्हाई म्हनून अण्णा वरडत्यात न्हवं? न्हाई उतरलो बग. काठावर हुबा हाय, सांग त्यास्नी. निघाली की मोटर, ही बग, वर आली!” मागून माणसांचा ओरडा ऐकू आला, आणि त्यामागून पाण्याचा, माझ्या इथल्यासारखाच. “चला, सुटलो. घ्ये, आता दे की जरा अण्णास्नी. कोळ्याचं इचारायचंय.”

आत्या दारात येऊन उभी राहिली होती. तिनं हात पुढं केला, फोन माझ्याकडे दे, मी सांगते, असा. मी नको म्हणून मान हलवली.

“शरू? हायस न्हवं?”

“आहे,” मी म्हणाले.

“मग दे की.”

डब्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता. मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“आप्पा,” मी म्हणाले, “अण्णा गेले.”